कपाटाच्या पायाखालचं नाणं

माझे थोरले मामा तराजू दुरुस्त करायचे. सगळ्या बाजारात त्यांना 'काटेवाले' म्हणत, म्हणून आम्ही भाचरं त्यांना काटेमामा म्हणायचो. दुकान घराच्या पुढच्या खोलीतच. रस्त्याकडे उघडणारी रुंद खिडकी, खिडकीला लागून लांब बाक, बाकावर पाने, कानशी, पितळेची पारडी, आणि भिंतीवर हुकांना ओळीने टांगलेल्या दांड्या. किराणावाले, भंगारवाले, मासळीवाले, सोनार, सगळ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून जायचे. मामा बोलायचे कमी, पण एक वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणायचे. "माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही."

लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं आणि त्यात शिसं ओतलेलं असतं, हे मला त्यांच्याकडे राहिल्यावर कळलं. वजन कमी भरलं तर शिसं घालायचं, जास्त भरलं तर खरवडायचं. काही दुकानदार गुपचूप ते शिसं काढून घेत आणि वरून लाख लावून काळा रंग फासत. असलं वजन मामांच्या हातात दिलं की ते नुसतं एकदा झेलायचे आणि परत करायचे. "पोटात पोकळ आहे. घेऊन जा." समोरचा शपथा घ्यायचा, मुलाबाळांची नावं घ्यायचा. मामा तोवर दुसऱ्याचा काटा हातात घेतलेले असत. पोकळ म्हणजे लबाड, यापलीकडे त्यांनी कधी विचारच केला नाही. त्यांच्या धंद्यात ते खरंही होतं.

त्यांना नाद एकच, नाण्यांचा. तोही चिल्लर नाण्यांचा नव्हे. मोठी, जाड, चांदीची, तळहात भरून टाकणारी नाणी. गरुडाने चोचीत साप धरलेलं मेक्सिकोचं. दोन खांबांचं स्पेनचं. ऑस्ट्रियाच्या एका भरदार राणीचं, जी जाऊन कितीतरी वर्षं लोटली तरी टांकसाळीवाले तिचं तेच जुनं साल छापत राहिले. चीनमधल्या व्यापाऱ्यांनी तपासून आपापले बारीक ठसे मारलेलं एक तर देवी झाल्यासारखं दिसायचं. जुन्या काळी ही नाणी जहाजांतून जगभर फिरायची, आणि ज्याच्या हाती पडत तो आधी वजन करायचा, मग बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने टिचकी मारायचा आणि कान लावायचा. म्हणजे सगळी मामांच्याच पंथातली माणसं.

या नाण्यांसाठी मामांनी सुताराकडून एक लाकडी कपाट करून घेतलं होतं. बारा चपटे खण, प्रत्येक खणात गोल खाचा, खाचेत मखमल. प्रत्येक नाण्याचं एक कार्ड. देश, सन, वजन, कड, आवाज, आणि मिळाल्याची तारीख. आवाजापुढे ते 'लांब', 'गोड', 'जरा तुटक' असं लिहायचे. मामी एकदा म्हणाली, "माझं कार्ड केलंत तर आवाजापुढे काय लिहाल?"

"लांब," मामा मान वर न करता म्हणाले.

त्या कपाटातली निम्मीअधिक नाणी धाकट्या मामाने आणलेली. तो जहाजावर आचारी होता, म्हणून तो जहाजमामा. त्यालाही मामांनी तराजूच शिकवायला घेतलं होतं, पण सतराव्या वर्षी तो उठला आणि एका मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात भांडी घासायला गेला. "गेलास तर दुकानाची पायरी विसर," असं मामा त्याला म्हणाले होते. आणि आमचा जहाजमामा असा शब्दाचा पक्का, की दोन वर्षांनी परत आला तेव्हा खरंच पायरी चढला नाही. रस्त्यावर उभा राहून खिडकीतून मूठ आत घातली आणि म्हणाला, "दादा, डोळे मीट."

मामांनी मिटले. त्याने तळहातावर काहीतरी ठेवलं. मामांनी ते तोललं, कडेवरून अंगठा फिरवला, टिचकी मारून ऐकलं. "मेक्सिको," ते म्हणाले. मग डोळे उघडून म्हणाले, "आत ये. पानं वाढलीयेत."

माझी आई, म्हणजे या दोघांची मधली बहीण, सांगायची, की भांडण मिटल्याचा एवढाच काय तो पुरावा. ना माफी, ना गळाभेट. सरळ तोंडाने काही मागणं किंवा देणं आमच्या आजोळी कुणाला जमलंच नाही. त्यानंतर जहाजमामा जेव्हा जेव्हा आला तेव्हा आधी खिडकीशी. "डोळे मीट." मामा ओळखायचे आणि मगच तो पायरी चढायचा. सत्तावीस वर्षं हे चाललं. मामा एकदाही चुकले नाहीत.

मग ती सकाळ आली. गुरुवार होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजसाठी मामांकडेच राहत होते. दुकानात पोस्टमास्तर बसले होते. त्यांनाही नाण्यांचं वेड, आणि मामांच्या शब्दाला ते फार मान द्यायचे. जहाजमामा खिडकीत आला. सुकला होता. बोलण्याआधी बराच वेळ खोकला.

"दादा, डोळे मीट."

मामांनी हात पुढे केला. नाणं तळहातावर पडलं, तशी त्यांची मान किंचित वाकडी झाली. अंगठा कडेवरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

"जर्मनी," ते म्हणाले. "थालर. जुनं." आणि त्यांनी डोळे उघडले, पण 'आत ये' म्हणाले नाहीत. नाणं घेऊन सरळ आतल्या खोलीत गेले. तिथे त्यांचा काचपेटीतला सोनारकाटा होता आणि भिंग होतं.

जहाजमामा रस्त्यावरच उभा. मला डोळा मारून म्हणाला, "बघ हं आता, तुझ्या मामाचं." हसत होता, पण अंगठ्याचं नख दातांत धरलं होतं. दहा मिनिटं झाली असतील. पोस्टमास्तरांनी मला तेवढ्यात दोनदा वेळ विचारली.

मामा बाहेर आले आणि त्यांनी ते नाणं बाकावर टाकलं. चांदीचं एवढं मोठं नाणं लाकडावर पडलं की कसं गातं हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हे 'बद्द' वाजलं.

"अठ्ठावीस ग्रॅम हवं, भरलं एकोणीस. आवाज मेलेला. कडेला सांधा. पोकळ माल आहे."

पोस्टमास्तरांनी चष्मा लावून पाहिलं आणि "अरेरे" म्हणाले. त्या 'अरेरे'ने मामा जास्तच पेटले असं मला वाटतं.

जहाजमामाचा चेहरा उतरला. "दादा, तू नीट पाहिलंस?"

"दहा मिनिटं पाहिलं."

"आणि?"

"आणि काय? असलं मला चालत नाही. एवढी वर्षं झाली आणि आज हे घेऊन आलास, चार माणसांदेखत."

"चार नाही, मी एकटाच आहे," पोस्टमास्तर हळूच म्हणाले.

जहाजमामाने मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," एवढंच म्हणाला. पिशवी खांद्याला लावली आणि निघाला. मामी चहा घेऊन बाहेर आली तोवर तो कोपऱ्यावर पोचला होता. "अहो, भावजी कुठे निघाले? चहा तरी..." कपाकडे बघत ती तशीच उभी राहिली.

त्या कपाटाचा मागचा एक पाय आखूड होता, खण उघडला की कपाट डुगडुगायचं. मामांनी त्याच दुपारी ते नाणं त्या पायाखाली सारलं. "खोट्याची जागा खऱ्यांच्या पायाखाली," म्हणाले. कपाट डुगडुगायचं थांबलं. जहाजमामाचं नाव त्या घरात निघायचंही थांबलं.

काही महिन्यांनी आईला कळलं, की त्याने जहाज सोडलंय आणि बसने सहा तासांवरच्या एका गावात मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागलाय. आई त्याच्याकडे जायची. आई गेल्यावर मी जाऊ लागले, वर्षातून एकदोनदा. तो मला पोटभर खाऊ घालायचा, जहाजावरच्या गमती सांगायचा. दादाबद्दल एकच प्रश्न, तोही मी निघताना, चपला घालताना. "नाणी किती झाली?" मी आकडा सांगायचे. तो मान हलवायचा. मी आईला विचारलं होतं, एका खोट्या नाण्यावरून सख्खे भाऊ एवढे तुटतात का? आई म्हणाली होती, "नाणं निमित्त असेल. यांच्या मनातलं देवालाच माहीत."

बावीस वर्षं गेली. मामा चौऱ्याहत्तरचे झाले. लोखंडी वजनं गेली, आकडे दाखवणारे विजेचे काटे आले, दुकान बंदच झालं म्हणायचं. खिडकी मात्र मामा रोज सकाळी उघडतात.

गेल्या महिन्यात कपाटाला वाळवी लागली. नेमकी मागच्या पायाला. सुतार आला. मी सुट्टीवर होते, म्हणून खण बाहेर काढून कार्डं क्रमाने लावून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मामा खुर्चीत बसून मी कुठल्या नाण्याला कडेऐवजी मध्ये धरते हे बघत होते. सुताराने कपाट आडवं केलं तेव्हा फरशीवर काळी चकती चिकटलेली दिसली.

"हे काय आहे हो आजोबा?"

"कचरा," मामा म्हणाले.

मामीने उलथन्याने ती सोडवली. तिला कुठलीच वस्तू घाणेरडी बघवत नाही. शिवणयंत्राचं तेल चिंधीवर घेतलं आणि ती नाणं पुसायला बसली. कडेभोवती बावीस वर्षांची घाण होती, ती काढायला तिने चिंधीत धरून जोर लावला.

"अहो," ती म्हणाली, "हे फिरतंय."

"काय फिरतंय? डोकं फिरलंय तुझं."

"माझं सोडा. हे बघा ना. वरचं फिरतंय, खालचं नाही."

सुतार पुढे झाला. "डबी आहे ही, आजी. झाकणाला आटे आहेत. बाटलीचं झाकण काढतो तसं करा."

मामीने पिळलं. एकदा, दोनदा, तीनदा. चांदीचं पातळ झाकण तिच्या उजव्या हातात आलं आणि डाव्या हातात चांदीची बशी राहिली. आत चतकोरासारखी दुमडलेली कागदाची घडी होती. कडेने थोडं तेल लागलेलं. बाकी कागद कोरा करकरीत, जसा काल ठेवावा.

मी मामांकडे पाहिलं. घरातली माणसं गेली तेव्हा मी त्यांना पाहिलंय, दुकान बंद झालं तेव्हा पाहिलंय. चेहरा असा कधीच पाहिला नव्हता. तोंड उघडंच राहिलं होतं. मग हळूहळू म्हणाले, "आट्यांचं थालर. दोन नाणी कोरून एक डबी करायचे. मी पुस्तकात चित्र पाहिलेलं आहे. चित्र पाहिलेलं आहे मी."

सुतार बिचारा खूष होऊन म्हणाला, "म्हणजे भारी वस्तू असेल!" मामीने त्याला चहा पाजायच्या निमित्ताने बाहेर नेऊन बसवलं.

घडी मामांनी उघडली. वाचली. मग मला दिली. "मोठ्याने वाच."

अक्षर जहाजमामाचं होतं, बारीक, एका बाजूला कललेलं.

"दादा, उघडलंस, म्हणजे आजही तूच जिंकलास. तोंडाने मागता येत नाही म्हणून लिहितोय. माझं जहाज सुटलं. छाती साथ देत नाही, डॉक्टरांनी परत चढू दिलं नाही. तुझ्या दुकानात मला बसायला जागा देशील का? वजनं पुसेन, पारडी घासेन, सांगशील ते करीन. बंदरावरच्या लॉजवर रविवारपर्यंत आहे. हो असेल तर ये. नाही असेल तर आलास नाहीस तरी चालेल, मला कळेल. नाणं तुझंच. धाकटा."

मामी दारात कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही.

"रविवार म्हणजे कुठला?" मामांनी विचारलं.

धक्का बसलेलं माणूस असंच काहीतरी विचारतं.

उत्तर मामीने दिलं. "तेव्हाचा रविवार. लॉज इथून चालत वीस मिनिटांवर होतं. तुम्ही त्या रविवारी इथे बसून कार्डं लिहीत होतात. मी तुम्हाला म्हटलं होतं, भावजी बंदराकडे दिसले म्हणतात, जाऊन या. काय म्हणालात आठवतं?"

मामांनी माझ्या हातातली चिठ्ठी परत घेतली.

"म्हणालात, 'पोकळ माणसाकडे मला काम नाही.'"

मामा खुर्चीतून उठले आणि फरशीवर बसले, कपाट जिथे उभं होतं तिथे. डबीची दोन्ही शकलं त्यांनी हातात घेतली. "वजन कमी, आवाज बद्द, कडेला सांधा," ते म्हणाले. "तिन्ही खुणा मला बरोबर दिसल्या गं. तिन्ही. एखादा अडाणी माणूस असता तर त्याने नुसतं हातात घेऊन चाळा केला असता आणि उघडलं असतं. मी भिंगाने बघत बसलो."

मी मनात देवाचं नाव घेतलं. देवा, निदान दोघांना जिवंत ठेवलंस.

"फोन लावू?" मी विचारलं.

"फोनवर काय सांगू? जायचं. उद्या जायचं."

बसमध्ये सहा तासांत मामा दोनदाच बोलले. एकदा विचारलं, "त्याला दम लागतो का अजून?" आणि एकदा, "त्याने तुला या चिठ्ठीबद्दल कधीच सांगितलं नाही?" मी नाही म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. डबी त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होती, वरून हात.

वसतिगृहाच्या मागे स्वयंपाकघर. दार उघडं, आत मोठी पातेली, सिमेंटचा ओटा, एका कोपऱ्यात बटाट्यांचं पोतं. जहाजमामा स्टुलावर बसून बटाटे सोलत होता. अडुसष्ट वर्षांचा, डोक्यावर केस नावाला. मला बघून हसला, आणि माझ्यामागे कोण आहे ते दिसल्यावर हसू अर्ध्यावर राहिलं. हातातली सुरी तशीच धरलेली.

मामा दारात उभे. आत आले नाहीत. दारातूनच मूठ पुढे केली.

"धाकट्या, डोळे मीट."

जहाजमामा उठून जवळ आला. बराच वेळ दादाकडे पाहत राहिला. मग सुरी डाव्या हातात घेतली, डोळे मिटले आणि उजवा हात पसरला. मामांनी त्यावर नाणं ठेवलं. त्याला तोलायचीही गरज पडली नाही.

"हे परत द्यायला एवढ्या लांब आलास?" तो डोळे मिटूनच म्हणाला.

"उघडलं मी ते."

"ठाऊक आहे."

"काल उघडलं."

जहाजमामाने डोळे उघडले. "काय?"

"काल. मंगळवारी. मी नाही, हिच्या मामीने. पुसताना."

आता थक्क व्हायची पाळी त्याची होती. तो मामांकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय, पुन्हा मामांकडे. "थांब. थांब जरा. तू आत घेऊन गेलास. दहा मिनिटं आत होतास."

"वजन करत होतो."

"दहा मिनिटं?"

"तीनदा केलं."

"आणि बाहेर येऊन म्हणालास, असलं मला चालत नाही. मी विचारलं, नीट पाहिलंस का. तू म्हणालास, पाहिलं. मला वाटलं वाचून आलास! तरी मी रविवारपर्यंत थांबलो. म्हटलं, दादा चिडतो, मग निवळतो. सोमवारी सकाळी लॉज सोडलं."

"मला सापडलंच नाही रे."

"सापडलं नाही?" जहाजमामा ओरडलाच. "अरे, तुला! ज्या माणसाला डोळे मिटून देश कळतो, त्याला डबी उघडता आली नाही? मला एकदासुद्धा शंका आली नाही दादा. एकदासुद्धा! दादाच्या हातून काही निसटेल हे मी स्वप्नात धरलं नाही. बावीस वर्षं मी तुला दगड समजलो, कसाई समजलो. गाढव आहेस असं एकदा जरी मनात आलं असतं ना, तर त्याच आठवड्यात येऊन उघडून दाखवलं असतं!"

आणि तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी, आणि मग त्यातलं काय हसण्याचं, काय खोकल्याचं आणि काय दुसऱ्या कशाचं ते कळेना. मी पाणी दिलं. मामा अजून उंबऱ्याबाहेरच होते.

"आत ये," जहाजमामा म्हणाला.

मामा आत आले. "चल घरी," ते म्हणाले.

"आत्ता? आणि संध्याकाळी पन्नास पोरांना काय नाणी वाढू?"

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. दुसरं स्टूल ओढलं, पोत्यातून बटाटा घेतला आणि सोलायला लागले. फार जाड साल काढत होते. जहाजमामाने दोनतीन बटाटे सहन केले, मग म्हणाला, "दादा, अर्धा बटाटा सालीबरोबर चाललाय. वजनात कमी भरेल." मामांनी सुरीचा कोन बदलला. मग दोघे तासभर शेजारी बसून बटाटे सोलत राहिले. मला मध्ये बसवेना. मी बाहेर आवारात जाऊन उभी राहिले.

निघायच्या वेळी मामांनी ओट्यावरच्या भाजीच्या यादीचा कोपरा फाडला. माझ्याकडून पेन घेतलं. मला लिहिलेलं दिसलं, कारण त्यांनी लपवलं नाही. "उत्तर उशिरा देतोय. हो. दुकान उरलं नाही, पण जागा आहे. ये." घडी केली, डबीत घातली, झाकण नीट पिळून बसवलं आणि जहाजमामाच्या हातात दिली.

तो उघडायला गेला, मग थांबला. नाणं खिशात टाकलं. "नंतर उघडीन," म्हणाला. "मला जरा या गोष्टीची सवय होऊ दे."

मामांनी मान हलवली. नाही म्हणायला त्यांना तोंड तरी कुठे होतं?

घरी आल्यावर मी चार दिवस राहिले, मग माझ्या कामावर गेले, पुन्हा शनिवारी आले. रविवार गेला, उत्तर नाही. मामा खिडकीशी बसत. पोस्टाची वेळ टळली की आत येत, आणि मग एक नवीनच उद्योग सुरू होई. दुरुस्त होऊन आलेल्या कपाटाचा एकेक खण मांडीवर घ्यायचा, नाणं काढायचं, दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचं आणि पिळायचं. मेक्सिको पिळून झालं, स्पेन पिळून झालं, ती भरदार राणी पिळून झाली. अंगठ्याला फोड आला.

"काय चाललंय हे?" मी मामीला विचारलं.

"नाण्यांच्या माना पिरगाळतायत," मामी म्हणाली. "भावजींनी आणखी कशात काही ठेवलं असेल आणि आपल्याला दिसलं नसेल, असं घेतलंय मनाने. रात्री झोपेतही हात पिळल्यासारखे हलतात. मी तर पदर आवरूनच झोपते."

मी हसले, पण मला मामांकडे बघवेना. आयुष्यभर ज्यांच्या शब्दावर बाजार चालला, ते स्वतःच्याच हातांनी पारखलेल्या प्रत्येक नाण्यावर संशय घेत बसले होते.

अकराव्या दिवशी पार्सल आलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात कापूस, कापसात डबी. मामांच्या हाताला घाम होता, झाकण फिरेना. शेवटी मामीनेच पिळलं. कागदाच्या घडीवर तेच कललेलं अक्षर, आता जरा मोठं.

"दादा, कायमचा येणार नाही. तेव्हा आलो असतो. आता इथली पोरं माझ्या हाताला सवकली आहेत आणि मीही. पण दर महिन्याच्या शेवटी त्यांना चार दिवस सुट्टी असते. ते चार दिवस येईन. या महिन्यापासून. वहिनींना सांग, मला मऊ गादी चालत नाही. आणि बाकीची नाणी पिळत बसला असशील तर थांब. ती भरीव आहेत."

मामांच्या मांडीवर तेव्हाही आठवा खण होता आणि चिमटीत पेरू देशाचं नाणं होतं. त्यांनी ते असं ठेवून दिलं, जसं काही चोरी करताना सापडले.

"बघा," मामी म्हणाली. "सहा तासांवरून दिसतं त्यांना."

थोड्या वेळाने मामांनी एक कोरं कार्ड काढलं. देश जर्मनी. सन लिहिलं. वजन एकोणीस. कडेपुढे 'सांधा' लिहिलं, आवाजापुढे 'बद्द'. मिळाल्याच्या तारखेपाशी मात्र पेन अडलं.

"काय गं," त्यांनी मला विचारलं, "तारीख कुठली घालू? त्याने दिलं ती, की मला मिळालं ती?"

आतून मामीचा आवाज आला. ती माळ्यावरून खाली उतरवलेली जुनी, घट्ट गादी उन्हात टाकायला निघाली होती.

"दोन्ही घाला. आणि एक टोक धरायला या इकडे."

मामांनी दोन्ही तारखा घातल्या, एकीखाली एक. मग गादीचं टोक धरायला गेले.